प्रश्न सॉफ्टवेअरचा की ते बसवण्याचा?

डॉक्टरांनी औषधांच्या ऑर्डर कागदावर न लिहिता संगणकात भरायच्या, अशा प्रणालीबद्दल काहीजण म्हणतात, 'डॉक्टरचं अक्षर लावायची कटकट गेली, म्हणजे प्रणाली यशस्वी'. हे मत मला अर्धंच पटतं. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात अशी प्रणाली आल्यावर औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या होत्या (१९९८चा अभ्यास), हे खरंच.

पण पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाचं उदाहरण बघा. दुसरीकडून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर प्रणाली आल्यावर २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेला (२००५चा अभ्यास). का? मूल दारात पोचून नोंद होईपर्यंत औषध मागवताच येईना. पूर्वी गाडी वाटेत असतानाच तयारी व्हायची. शिवाय औषधंही वॉर्डातून हलवून मध्यवर्ती औषधालयात ठेवलेली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयात तेच सॉफ्टवेअर बसवल्यावर मृत्युदर वाढला नाही.

म्हणून नुसत्या चुका मोजू नका. औषध रुग्णाच्या शरीरात जायला किती मिनिटं लागली, तेही घड्याळ लावून बघा. अमेरिकेत रुग्णालयांची सुरक्षितता तपासणाऱ्या लीपफ्रॉग संस्थेची चाचणी काल्पनिक रुग्णांसाठी मुद्दाम घातक ऑर्डर देऊन प्रणाली इशारा देऊन अडवते का ते तपासते. चांगलीच आहे, पण डॉक्टर तो इशारा वाचतो की न वाचताच बंद करतो, हे वॉर्डात उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.