सरकारी रुग्णालयात उपचार मोफत असताना पैसे का भरावे लागतात? मदत हवी आहे

गिरणाकाठ:
मांडीचे हाड मोडल्यामुळे आईला सहा दिवसांपूर्वी सरकारी रुग्णालयात दाखल केले आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाल्याचे आम्ही वाचले होते. तरीही केसपेपर, एक्स-रे, रक्ततपासणी अशा प्रत्येक खिडकीवर पावती फाडावी लागली आणि आतापर्यंत 1,340 रुपये गेले. आई प्रत्येक पावती घडी करून पदराच्या गाठीत बांधते आणि नवी तपासणी लिहून दिली की आधी ‘कितीला आहे?’ असे विचारते. हे पैसे नियमाने घेतले जातात का आणि माफीसाठी कोणाला भेटावे? परवा शस्त्रक्रिया आहे, कृपया लवकर सांगा.

निवृत्त परिचारिका:
रुग्णालयाचे नाव नको, पण ते जिल्हा रुग्णालय आहे की वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. 2023 चा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत लागू आहे; वैद्यकीय शिक्षण विभागाची आणि महापालिकांची रुग्णालये त्यात येत नाहीत. शिधापत्रिका कोणत्या रंगाची आहे, तेही सांगा.

एक करदाता:
माझ्या मते थोडेफार शुल्क असलेच पाहिजे. सगळेच फुकट केले की किरकोळ सर्दीसाठीही रांगा लागतात आणि खऱ्या रुग्णाला वेळ मिळत नाही. जर्मनीतही 2004 पासून डॉक्टरकडे तिमाहीतील पहिल्या भेटीला 10 युरो घेतले जात.

पुस्तकी किडा:
ते शुल्क 2012 च्या अखेरीस तिथल्या संसदेने एकमताने रद्द केले, हेही सांगायला हवे होते. हंगेरीत दर भेटीला 300 फोरिंट आकारले जाऊ लागले, तेव्हा मार्च 2008 च्या सार्वमतात 80 टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्याच्या विरोधात कौल दिला. शिवाय मोडलेले हाड घेऊन कोणी हौसेने रांगेत उभे राहत नाही.

एक करदाता:
मी या आईंविषयी बोलत नव्हतो, बाह्यरुग्ण विभागातील गर्दीविषयी बोलत होतो. दहा-वीस रुपये कोणालाही जड नसतात.

निवृत्त परिचारिका:
दहा-वीस रुपये एकदाच लागत नाहीत. गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि बाहेरून आणायला सांगितलेली औषधे यांवर ते चढतात. तपासणीची चिठ्ठी हातात घेऊन खिडकीपर्यंत न जाताच घरी परतलेले रुग्ण मी वॉर्डात असताना पाहिले आहेत.

सांगलीकर:
आई सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचे मोफत उपचारांचे सरकारी कार्ड, काढा, त्यात उत्पन्नाची अट नाही.

गिरणाकाठ:
आई 58 वर्षांची आहे. रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि शिधापत्रिका केशरी आहे. या गोष्टी विचारल्या जातील हे लक्षातच आले नव्हते.

निवृत्त परिचारिका:
मग शुल्क नियमाने घेतले आहे, पण मार्ग आहे. उद्या सकाळीच शिधापत्रिका आणि दोघांची आधारकार्डे घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) कक्षात आरोग्यमित्रांना, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या कर्मचाऱ्यांना, भेटा आणि ही शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत बसते का ते विचारा. बसत असेल तर मंजुरी शस्त्रक्रियेआधी मिळवावी लागते, त्यामुळे परवापर्यंत थांबू नका. बसत नसेल तर तिथल्याच समाजसेवा अधीक्षकांकडे शुल्कमाफीचा अर्ज द्या. आईंच्या पदरातल्या सगळ्या पावत्या सोबत न्या, आणि त्या देण्याआधी प्रत्येकीची झेरॉक्स काढून ठेवा.