कॉलेज फुटबॉल: खेळाडू घडवतं कोण, संघाची संस्कृती की मिळालेली संधी?

बॅजर_पुणेकर
विस्कॉन्सिनला एम.एस. करताना अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला, तो कायमचा. २०२१पासून खेळाडूला वर्षभर बाहेर न बसता एकदा संघ बदलता येऊ लागला, त्याच वर्षी स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभाही मिळाली. दोन्ही हक्क रास्तच. पण तेव्हापासून कोण आला, कोण गेला, एवढंच बोललं जातं. मुलगा घडवायचा असतो, हे कुणी बोलतच नाही.

पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेला बचावपटू जे. जे. वॉट आठवा. मॅडिसनला, म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठात, आला तो शिष्यवृत्तीशिवाय. त्याआधी पिझ्झा पोचवायचं कामही केलं होतं. बदलीच्या नियमामुळे २००८चा हंगाम सामन्यांविना गेला. पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या राखीव संघातून तो रोज सरावात आपल्याच पहिल्या फळीला भिडायचा. २०११मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, अकरावा निवडला गेला. ज्याच्याकडून शनिवारच्या सामन्यात काहीच मिळणार नाही त्याच्यावरही जिथे मेहनत घेतली जाते, तिथे संस्कृती आहे असं मी म्हणतो.

थर्ड_अँड_लाँग
साफ असहमत. हाच वॉट आधी सेंट्रल मिशिगन विद्यापीठाची शिष्यवृत्ती सोडून आला होता, ते का गाळलंत? तिथेच निष्ठेने थांबला असता तर?

क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) जो बरो ओहायो स्टेट विद्यापीठात तीन वर्षं बाकावर होता. तिथली शिस्त, तिथले प्रशिक्षक, कशालाच नावं ठेवायला जागा नव्हती. एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेल्यावर २०१८मध्ये १६ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे), आणि पासिंगची आखणी बदलल्यावर २०१९मध्ये ६०! संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकला. खेळायला मिळालं आणि डावपेच जुळले, म्हणून तो घडला. जिंकलेल्या संघाच्या सवयींना आपण मागाहून संस्कृती म्हणतो.

मृण्मयी_आयोवा
मी आयोवा सिटीत राहते. कर्क फेरेंट्झ १९९९पासून इथल्या आयोवा विद्यापीठाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. फारसं नाव नसलेली मुलं घ्यायची आणि तयार करायची, ही इथली ओळख. जॉर्ज किटल इथलाच. ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, म्हणजे बराच उशिरा, गेला आणि एनएफएलमधला अव्वल टाइट एंड (अडवणं आणि पास झेलणं, दोन्ही करणारा) झाला.

पण २०२०मध्ये इथल्याच कितीतरी माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी सांगितलं की केस, कपडे, बोलणं, सगळं एका साच्यात बसवावं लागायचं. विद्यापीठाने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी केली, आणि इथल्या काही नियमांमुळे वांशिक भेदभाव पोसला जातो असंच अहवालात आलं. म्हणजे एकाच व्यायामशाळेत एक मुलगा फुलत होता आणि दुसरा दिवस मोजत होता. तो दुसरा किती पुढे गेला असता, हे कुठल्याच आकडेवारीत सापडणार नाही.

आणि मेरीलँड विद्यापीठ. मे २०१८मध्ये सरावाच्या धावा काढताना जॉर्डन मॅकनेअर उष्माघाताने कोसळला. त्याला थंड पाण्यात बुडवायला हवं होतं, ते झालं नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. एकोणीस वर्षांचा होता. “थांबतो, मला होत नाहीये” असं म्हणायची मुलाला भीती वाटत असेल, तर बाकीच्या शिस्तीचं मला कौतुक नाही.

बॅजर_पुणेकर
मृण्मयीताई, हे मी लिहायलाच हवं होतं. चूक मान्य.

थर्ड_अँड_लाँग, तुमचं मात्र अजून पटत नाही. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३मध्ये ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) होता. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले आणि २०२४मध्ये ११-२. त्यांच्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून त्यांच्यामागे तेरा खेळाडू आले. याच प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार झालेली मुलं. त्यांनी ब्लूमिंग्टनमधल्या (इंडियाना विद्यापीठाचं गाव) इतरांना सरावाचा वेग दाखवला. संस्कृतीच बदली घेऊन आली की!

थर्ड_अँड_लाँग
ते तेरा आले, तेव्हा ब्लूमिंग्टनमध्ये आधीपासून घाम गाळणाऱ्या काही मुलांच्या जागा गेल्याच असतील. त्यांना कुणी घडवायचं होतं?