ह्यूजपेजेसनी (लिनक्समधली मेमरीची मोठी पानं) कुणाकुणाला रडवलंय? अनुभव लिहा

रात्रपाळी
महिनाअखेर, रात्रीचे पावणेबारा. एका बँकेचा ओरॅकल सर्व्हर, मेमरी १२८ जीबी, एसजीए (डेटाबेसच्या सगळ्या प्रोसेसची सामायिक मेमरी) ६४. निम्मी मेमरी मोकळी, म्हणजे निवांत झोपायला हरकत नव्हती. पण कनेक्शन्स चारशेच्या आसपास गेली की मशीन स्वॅपमध्ये (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आचके द्यायचं आणि ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) नेमकी डेटाबेसचीच प्रोसेस उडवायचा. आठवडाभर आम्ही अॅप्लिकेशनवाल्यांच्या नावानं बोटं मोडली. मग कुणीतरी मेमरीचा हिशोब दाखवणारी मेमइन्फो फाइल उघडली. पेजटेबल्सची (कुठलं पान कुठं आहे याची अनुक्रमणिका) ओळ: ४० जीबीच्या वर!

हिशोब शाळकरी आहे. ४ केबीच्या पेजनं ६४ जीबी म्हणजे १ कोटी ६७ लाख पेजेस. एका नोंदीला ८ बाइट. अख्खा एसजीए चाळणाऱ्या प्रत्येक प्रोसेसमागे १२८ एमबी नुसती अनुक्रमणिका, गुणिले चारशे. २ एमबीच्या ह्यूजपेजवर तेच काम २५६ केबीत होतं. एएमएम, म्हणजे ओरॅकलचं आपोआप मेमरी वाटप, बंद केलं (त्याचं नि ह्यूजपेजेसचं जमत नाही), मेमलॉकची (प्रोसेसनं मेमरी अडकवून ठेवण्याची) मर्यादा वाढवली, ३२,८०० पेजेस राखून ठेवली आणि रिबूट. ती ओळ काहीशे एमबीवर आली.

तुमचं काय?

निफाडकर
आमचं उलटं. पेजेसची संख्या लिहायची तिथं मी एमबी समजून ६५५३६ ठोकलं. झाले १२८ जीबी, आणि मशीनच तेवढं! रिबूटनंतर एसएसएच (दुरून लॉगिन) नाही, कन्सोलवर ओओएमच्या ओळींची संततधार. रात्री दोन वाजता डेटा सेंटरच्या गेटवर वॉचमन पास मागतोय आणि मी रेस्क्यूचा पेनड्राइव्ह दाखवतोय. एक ओळ खोडायला चार तास गेले.

कोथरूडची मावशी
पोस्टग्रेस डेटाबेस, कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी यंत्रणा). पॉड (त्यातला कंटेनरचा गट) उठतच नव्हता, इनिटडीबीलाच (डेटाबेस तयार करायची पहिली पायरी) 'बस एरर'. मॅनेजर म्हणे, कुठली बस? डिस्क बदलली, इमेज बदलली, काही नाही. नोडवर (पॉड चालतो त्या मशीनवर) दुसऱ्या टीमनं ह्यूजपेजेस राखली होती. पोस्टग्रेसचं सेटिंग मुळात 'ट्राय', म्हणजे मिळाली तर वापर. पेजेस दिसली, मागितली, कर्नल हो म्हणाला. पण आमच्या पॉडची मर्यादा शून्य, म्हणून हात लावताच सिगबस, म्हणजे तोच बस एरर. पान मांडलं, वाढलं कुणीच नाही! शेवटी 'ऑफ' केलं.

तिसरा डोळा
ट्रान्सपरंट ह्यूजपेज (कर्नल आपणहून देतो ती मोठी पानं) हे वेगळं भूत, २०११ च्या २.६.३८ कर्नलपासूनचं. रेडिस (मेमरीतला डेटाबेस) स्नॅपशॉटसाठी फोर्क झाला (प्रोसेसची प्रत निघाली) की एक बाइट बदलला तरी २ एमबीची कॉपी. सेलच्या दिवशी लिहिणं इतकं जोरात की मेमरी दुपटीला टेकली आणि रेडिस आडवा. सुरू होतानाच तो लॉगमध्ये इशारा देत होता. दोन वर्षं कुणी वाचला नव्हता. मग ते बंद करणारी 'नेव्हर'ची ओळ आरसी लोकलमध्ये (मशीन सुरू होताना चालायला हवी ती फाइल) टाकली. ती फाइलच चालत नव्हती, हे पुढच्या रिबूटला कळलं.

निफाडकर
@रात्रपाळी, ओरॅकलचं यूज लार्ज पेजेस 'ओन्ली' (ह्यूजपेजेस पुरली तरच सुरू हो) केलंत का?

रात्रपाळी
केलंय. गेल्या महिन्यात एकानं एसजीए ८ जीबीनं वाढवला, पेजेस तेवढीच ठेवली. इन्स्टन्स उठलाच नाही. पहाटे साडेपाचला फोन. शिव्या खाल्ल्या, पण शाखा उघडायच्या आत सुरू झालं.