मिसळीच्या हॉटेलाच्या सर्व शाखा एकसारख्या दिसाव्यात का?

प्रश्न (नाशिकहून)

नमस्कार. आमचे नाशिकमध्ये मिसळीचे हॉटेल आहे. वडिलांनी ते एका गाळ्यात सुरू केले आणि सहा वर्षांपूर्वी मी दुसरी शाखा काढली. आता आणखी तीन जागा ठरल्या आहेत. पहिली पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या लाकडी इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दुसरी ठाण्यातल्या एका मॉलमध्ये आणि तिसरी इगतपुरीजवळ महामार्गालगतच्या मोकळ्या जमिनीवर. ज्या सजावटकाराकडे काम सोपवण्याचा विचार आहे, त्यांनी तिन्ही जागांसाठी एकच आराखडा दिला आहे: भिंतींवर विटांच्या छापाचा कागद, त्यावर वारली चित्रांचा छापील पट्टा, प्रवेशाजवळ बैलगाडीचे चाक आणि छताला पितळी कंदील. साखळी म्हटली की सगळीकडे एकच रूप हवे, असे त्यांचे म्हणणे आहे. मला मात्र आमच्या पहिल्या गाळ्यात यातले काहीच नव्हते, ही गोष्ट सतत खटकते. तिथे काळा कडाप्पा घातलेली टेबले, लाकडी बाकडी आणि समोरच दिसणारी रश्श्याची मोठी पातेली होती. शाखांमध्ये नेमके काय समान ठेवावे आणि काय जागेनुसार बदलू द्यावे, हे या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ (वास्तुरचनाकार, पुणे)

आपल्या प्रश्नाचे उत्तर भिंतींपासून नव्हे, स्वयंपाकघरापासून सुरू होते. बर्गरसाठी प्रसिद्ध असलेल्या साखळीच्या मॅकडोनाल्ड बंधूंनी 1948 साली अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनो इथले आपले हॉटेल नव्याने मांडले. पुढे नव्या स्वयंपाकघराची आखणी करताना त्यांनी टेनिसच्या मैदानावर खडूने पूर्ण आकाराचा नकाशा काढला, कामगारांना त्यात प्रत्यक्ष काम केल्यासारखे फिरायला लावले आणि जिथे दोघे एकमेकांना आडवे येत होते, तिथल्या रेषा पुसून पुन्हा आखल्या. स्टॅन्ली मेस्टन या वास्तुविशारदाने आखलेल्या, दोन्ही बाजूंना पिवळ्या कमानी असलेल्या त्यांच्या इमारती 1953 पासून उभ्या राहू लागल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याच कंपनीने त्या कमानी इमारतीवरून उतरवल्या आणि उतरत्या छपरांची, विटांची हॉटेले बांधायला सुरुवात केली. कमान उरली ती फलकावरच्या चिन्हात. इमारतीचे रूप गेले तरी साखळी टिकली, कारण ग्राहकाला प्रत्येक ठिकाणी तोच पदार्थ तितक्याच वेळात मिळत राहिला.

इगतपुरीच्या मोकळ्या जमिनीवर आपणही चुन्याने असाच नकाशा आखून पाहावा. मिसळीचे काम बर्गरपेक्षा वेगळे आहे आणि तो वेगळेपणा आराखड्यात उतरला पाहिजे. मिसळ एकदाच वाढून संपत नाही. गिऱ्हाईक अर्धी मिसळ खाऊन रस्सा मागते, म्हणजे गरम रश्श्याचे भांडे घेतलेला माणूस दिवसभर टेबलांमधून फेऱ्या मारत असतो. केवळ ताट पोहोचवायचे असते, तर दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये 75 सेंटिमीटर वाट ठेवून भागले असते. आपल्याकडे मात्र किमान 90 आणि मुख्य वाटेला 120 सेंटिमीटर हवेत, नाहीतर उकळता रस्सा लहान मुलांच्या डोक्यावरून फिरवावा लागेल. उष्टी ताटे धुण्याच्या जागेकडे जातात, ती वाट आणि रस्सा येतो ती वाट एकमेकींना छेदू नयेत. हे अंतर, वाटांची ही मांडणी, 75 सेंटिमीटर उंचीचे टेबल, 45 सेंटिमीटर उंचीचे बाकडे, हात धुण्याच्या जागेचे दारापासूनचे स्थान आणि गल्ल्यावरून संपूर्ण दालन दिसण्याची सोय या गोष्टी पाचही शाखांत शक्य तितक्या तंतोतंत समान ठेवाव्यात. नाशिकचा कामगार ठाण्यात उभा राहिला, तर हात न चाचपडता कामाला लागला पाहिजे.

दिसणाऱ्या गोष्टींपैकी मी फक्त तीन समान ठेवीन: टेबलावरचा काळा कडाप्पा, बाकड्यांचे लाकूड आणि समोर दिसणारी पातेली. गिऱ्हाईक यातल्या दोन गोष्टींना हात लावते आणि तिसरीचा वास घेते. बाकी सारे जागेला ठरवू द्यावे. पुण्याच्या इमारतीतले खांब आणि तुळया सागवानी असतील, तर त्यांच्यावर छापील विटांचा कागद चिकटवणे हा त्या लाकडावर अन्याय ठरेल. मात्र तिथे भट्टीची उष्णता आणि तेलाची वाफ लाकडापर्यंत पोहोचू नये म्हणून धुराड्याची स्वतंत्र, लाकडापासून अलग ठेवलेली नळी आधी आखावी लागेल. मजला आणि खांब तो भार व ती उष्णता सोसतील का, हे संरचना अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नये.

प्रकाशाबद्दलही सांगणे आवश्यक आहे. तर्रीचा लाल रंग हाच आपल्या पदार्थाचा चेहरा आहे. स्वस्त एलईडी दिव्यांच्या प्रकाशात लाल रंगाचा भाग कमी असतो, त्यामुळे तीच तर्री मातकट दिसते. रंग दाखवण्याचा निर्देशांक (सीआरआय) 90 किंवा त्याहून अधिक असलेले, साधारण 2700 ते 3000 केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दिवे टेबलावर वापरावेत आणि दिवा मागवताना लाल रंगासाठीचा वेगळा आकडाही विचारून घ्यावा.

प्रतिसाद २ (लंडनस्थित)

इथे 2010 साली कॉव्हेंट गार्डन भागात मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवर डिशूम नावाचे उपाहारगृह सुरू झाले आणि पुढे त्याच्या अनेक शाखा झाल्या. प्रत्येक शाखेला स्वतःची एक कथा आहे आणि सजावट त्या कथेतून येते. किंग्ज क्रॉसची शाखा रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत असल्याने तिथे लोखंडी खांब आणि उंच छत तसेच राखले आहे. एडिनबरोच्या शाखेने नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा धागा पकडला, कारण ते एडिनबरोत राहिले होते आणि 1919 नंतर मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. शाखा वेगवेगळ्या असूनही कुठल्याही एकीत शिरले की आपण कुठे आलो आहोत हे लगेच कळते.

तरीही तिथे बसल्यावर मला मुंबईतली मूळ हॉटेले आठवतात, जी साखळी नसतानाही एकमेकांसारखी दिसत. एकाने दुसऱ्याची नक्कल केली म्हणून ती तशी दिसत नव्हती. प्रत्येकाने एकाच अडचणीवर एकच उपाय शोधला होता. कोपऱ्यावरचा गाळा घेतला की दोन रस्त्यांवरून उजेड आणि गिऱ्हाईक दोन्ही येई. संगमरवरी पृष्ठाचे टेबल एका फडक्यात स्वच्छ होई. भिंतीवरच्या आरशांमुळे लहान दालन मोठे भासे आणि गल्ल्यावरच्या मालकाला पाठीमागचे टेबलही दिसे. आपल्या वडिलांनी कडाप्पा निवडला, तोही तेल आणि लिंबाचे डाग दडवतो म्हणूनच निवडला असावा. साखळीचे रूप शोधायचे असेल तर त्या पहिल्या गाळ्यात एक दिवस बसून प्रत्येक वस्तू तिथे का आहे हे लिहून काढावे, असे मी मनापासून सुचवीन.

प्रतिसाद ३ (उपाहारगृहांची देखभाल व खरेदी पाहणारे, ठाणे)

वरील दोन्ही मते मोलाची आहेत, परंतु प्रत्येक शाखा वेगळी करण्याचा खर्च त्यात आलेला नाही. मी पाहतो त्या शाखांमध्ये सर्वाधिक वेळ आणि पैसा फुटलेली फरशी, निखळलेली बिजागरी आणि बंद पडलेला नळ यांवर जातो. पाच शाखांत पाच प्रकारचे नळ असतील, तर पाच प्रकारचे वायसर साठवून ठेवावे लागतात. 1859 सालची थोनेट कंपनीची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची जगभरच्या कॅफेंमध्ये पोहोचली, त्यामागे तिचे देखणेपण होतेच. पण ती सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नटबोल्ट यांची होती आणि सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, हेही कारण तितकेच मोठे होते. तेव्हा बाकडे कसेही दिसो, त्याचे माप आणि जोड एकच असू द्यावेत.

मात्र इमारत वेगळी असून ओळख टिकू शकते, हे मीही मान्य करतो. तिरुवनंतपुरममध्ये थंपानूर येथे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी बांधलेले, अनेक शाखा असलेल्या इंडियन कॉफी हाउसचे हॉटेल ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल. विटांचा एक गोल मनोरा, त्यात वर चढत जाणारा सलग उतार, बाहेरच्या भिंतीला लागून बांधलेली टेबले व बाके आणि वारा खेळता ठेवणारी विटांची जाळी. या हॉटेलाची दुसरी कुठलीही शाखा अशी दिसत नाही. तरीही पांढरा गणवेश आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला वाढपी समोर आला की हे कॉफी हाउसच आहे, याबद्दल शंका राहत नाही. गणवेशाचा विचार सजावटीच्या आधी व्हावा.

प्रतिसाद ४ (ध्वनी सल्लागार)

कडाप्पा, काच आणि फरशी यांबद्दल सर्वांनी लिहिले. या वस्तू आवाज शोषत नाहीत, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि 3.6 मीटर उंच अशा दालनाचे घनफळ सुमारे 346 घनमीटर होते. सर्व पृष्ठे कठीण असतील, तर रिकाम्या दालनात आवाज विरायला सॅबिनच्या सूत्रानुसार (घनफळ आणि शोषण यांवरून हा काळ काढण्याची रीत) सुमारे चार सेकंद लागतात आणि साठ माणसे बसली तरी हा काळ दीड सेकंदाच्या आसपासच येतो. अशा ठिकाणी प्रत्येक जण शेजारच्यापेक्षा मोठ्याने बोलू लागतो. 96 चौरस मीटर छतापैकी 60 चौरस मीटरवर चांगले ध्वनिशोषक पटल लावले, तर तोच काळ सुमारे 0.7 सेकंदावर उतरतो. पितळी कंदिलांचा खर्च इकडे वळवावा, ही विनंती. पटल पुसता येईल असे, अग्निरोधक आणि भट्टीपासून दूर असावे.

प्रतिसाद ५ (डहाणू परिसरातून)

वारली पट्ट्याविषयी थोडेसे. आमच्याकडे लग्नाचा चौक सवाशिणी काढतात. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, आणि मधोमध पालघाट देवी असते. तो चौक छापून हात धुण्याच्या जागेवर लावलेला मी पाहिला आहे आणि मला फार वाईट वाटले. आपल्या मिसळीचा वारली चित्रांशी संबंध नसेल, तर ती नसावीत. इगतपुरीच्या शाखेत खरोखरच हवी असतील, तर चित्रकारांना बोलावून भिंतीवर काढून घ्यावीत, काय काढायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे आणि मोबदला आधी ठरवून द्यावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छापील कागद, चाक आणि कंदील मी रद्द करत आहे. एकच अडचण उरते. ठाण्याच्या मॉलमध्ये गॅसची उघडी भट्टी ठेवू देत नाहीत, स्वयंपाक मागच्या बंद भागात करावा लागेल. मग पातेली समोर कशी दिसणार?

प्रतिसाद १ (वास्तुरचनाकार, पुणे)

रस्सा मागच्या भागात शिजू द्यावा, पण वाढण्यासाठी ठेवलेली पातेली पुढच्या ओट्यावर विजेच्या गरम पाण्याच्या टाकीत बसवावीत. टाकी बाहेरून दिसणार नाही अशी ओट्यात खाली उतरवावी आणि पातेल्यांचे काठ ओट्यापासून चार बोटे वर राहू द्यावेत. रस्सा 60 अंश सेल्सिअसच्या वर राहिला पाहिजे, कारण त्याखाली तो फार वेळ ठेवणे सुरक्षित नाही. ओट्यावर वाफ ओढणारे झाकण लागेलच. ते पुढच्या बाजूने उंच ठेवावे, म्हणजे उभ्या गिऱ्हाइकाच्या आणि तर्रीच्या मध्ये काही येणार नाही. मॉलचा विद्युतभार किती मिळतो, हे मात्र याच आठवड्यात लेखी विचारून घ्यावे.