मदत हवी आहे: लाँगआर्म क्विल्टिंग मशीनच्या फ्रेमचे कापडी लीडर बदलायचे आहेत

शिवणटिपण:

नमस्कार मंडळी. भांडुपला एका गाळ्यात माझं गोधड्या शिवायचं लाँगआर्म मशीन आहे, दहा फुटी फ्रेमवर. जुनं घेतलेलं, आणि लीडरही आधीच्या बाईंच्याच वेळचे.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात कापड हलवायचं नसतं, मशीनच रुळांवरून कापडावर फिरतं. कापड तीन रोलरवर असतं. एकावर अस्तर, एकावर वरचा थर, आणि शिवून झालेला भाग गुंडाळत जातो तो मशीनच्या घशातला, म्हणजे सुईमागच्या मोकळ्या जागेतला, टेकअप रोलर. प्रत्येक रोलरला एक जाड कापडी पट्टा कायमचा लावलेला असतो, तो लीडर. गोधडी टाचायची ती त्या पट्ट्याला.

तर हे पट्टे आता दमलेत. अस्तराचा लीडर उजेडाकडे धरला तर चाळणी दिसते, पण फक्त मधल्या चार फुटांत. माझ्याकडे जास्त करून बाळांची दुपटी आणि सिंगल गोधड्या येतात, त्यामुळे टाचण्या कायम मध्येच. दोन्ही टोकं अजून कोरी आहेत.

मागच्या आठवड्यात एका ताईंची डबल गोधडी लावली, त्यांच्या आजीच्या नऊवारींची. वरून एकदम झकास. काढून उलटी केली तर अस्तराला मधोमध वीतभर चुणी, आणि तिच्यावरून शिलाई तीनदा गेलेली! उसवायला बसले. जुनं लुगडं, धागा जरा ओढला की कापडच विरतं. रात्री साडेनऊला गाळा बंद केला आणि लोकलमध्ये रडायची तेवढी बाकी राहिले.

दोष लीडरचाच की माझ्या हाताचा? बदलायचे तर तिन्ही बदलू का? कापड कुठलं घेऊ? आमच्या इथल्या ताडपत्रीवाल्याने कॅनव्हास दाखवला, पण त्याला मेणाचा वास येतोय. आणि सध्याचा पट्टा रोलरला वेलक्रोने लावलाय, त्याचा गोंद या पावसात गुळासारखा पाघळलाय. त्याचं काय करू?

रिकामं रीळ:

ताडपत्रीवाल्याचं मुळीच घेऊ नका. पाणी लागू नये म्हणून त्यावर लेप असतो, तो पांढऱ्या अस्तराला लागला तर इथे नवीन चर्चा सुरू करावी लागेल, 'डाग कसे घालवू' म्हणून.

उरेबपट्टी:

कापड आणायच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते बघ. गवंड्याकडे असते तशी दोरी घे, रोलरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धर. मध्ये फट दिसली तर पाइपच वाकलाय, मग सोन्याचा लीडर लावलास तरी चुणी येणार. पाइप सरळ असेल तर तीच दोरी लीडरच्या कडेला लाव आणि दोन्ही आकडे इथे टाक.

शिवणटिपण:

शेजारच्या गाळ्यातल्या सुतारकाकांना धरून आणलं. पाइप सरळ आहेत. लीडरची कड मात्र मध्यावर "सहा सूत" खाली आलीये असं म्हणाले. म्हणजे पाऊण इंच! वर "ताई, ह्याचं पोट सुटलंय" हेही ऐकवलं.

उरेबपट्टी:

मग सापडला चोर. मध्ये लीडर पाऊण इंच लांब झालाय, टोकाला नाही. तू अस्तर कडेला सरळ टाचतेस, म्हणजे बाजूंना ते ताठ आणि मध्ये सैल. सैल कापड सुईपुढे सरकत जातं आणि कुठेतरी दुमडतं. दुपट्यांमध्ये हे कळलं नाही, कारण ती अख्खीच पोटावर बसत होती. तुझ्या हाताला दोष देऊ नकोस.

अस्तराचा आणि टेकअपचा लीडर एकाच कापडातून नवीन कर. एक जुना, एक नवा असं ठेवलंस तर दोघांचा ताण वेगळा. वरच्या थराचा थांबला तरी चालेल. मी तर तो वापरतच नाही, वरचा थर नुसता पसरून तरंगता ठेवते.

साचेवाल्याचा मुलगा:

मी शिवणकामातला नाही, पण कापडाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. वडील १९८२ च्या संपापर्यंत लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते. त्यांचं एक ठाम मत होतं: जी कड ताणून चालणार नाही, तिच्या लांबीला ताण्याचा, म्हणजे काठाला समांतर जाणारा, धागा यावा, बाण्याचा नाही. साच्यावर ताणा सतत खेचलेला असतो, त्यामुळे तयार कापडात तो पुढे फारसा ताणला जात नाही. बाणा आडवा फेकलेला असतो, तो देतो. कापड तिरकं म्हणजे उरेब धरलं तर विचारूच नका.

म्हणून दहा फुटांची लांबी कापडाच्या काठाला समांतर काढा, पन्ह्यात तीन तुकडे जोडून नव्हे. जोड आला की तिथे गाठ, आणि ती गाठ रोलरवर प्रत्येक वेढ्याला फुगत जाते.

उरेबपट्टी:

काका, अगदी बरोबर. म्हणूनच मी गादीपाट सांगणार होते.

शिवणटिपण, गादीपाट म्हणजे गादीच्या खोळीचं ते निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं घट्ट कापड. पट्टे काठाला समांतर असतात. काका म्हणतात तसा कापलास की पट्टे रोलरला समांतर येतात आणि टाचण्या लावायला आयती रेघ मिळते. मात्र पट्टे विणलेलेच हवेत. छापील असतील तर ते धाग्याला धरून असतीलच असं नाही. उलटी बाजू बघितली की कळतं.

पन्हा आधी विचार. ५८ इंची मिळालं तर साडेतीन मीटरच्या एका तुकड्यातून तिन्ही लीडर निघतात: पंधरा इंच तयार रुंदी, वर अडीच इंच दुमडीला, असे साडेसतरा इंचाचे तीन. तरी थोडं उरतं. ३६ इंची असेल तर दोनच निघतील, तिसऱ्यासाठी परत तेवढीच लांबी.

घरी आणून गरम पाण्यात धू. लीडर कधी धुवायचा नसला तरी मुंबईची हवा आहे, दमट दिवसांत सुती कापड कसं वागेल सांगता येत नाही. जे आटायचं ते आधीच आटू दे. ओल्या पांढऱ्या फडक्याने निळा पट्टा घासून बघ, रंग सुटला तर दुसरं घे.

काथ्याकूट:

एवढं सगळं कशाला? रेड स्नॅपर क्लिपा मागवा, टाचण्यांचा जाच संपेल.

उरेबपट्टी:

क्लिपासुद्धा लीडरच्या कडेतल्या नेफ्यात दांडी घालूनच बसतात. नेफा वाकडा तर क्लिप वाकडी. आधी लीडर, मग चैन.

रिकामं रीळ:

गोंदाबद्दल: निलगिरी तेल. फडक्यावर घेऊन पाइपवर दहा मिनिटं ठेवा, मग जुनं एटीएम कार्ड खरवडायला घ्या. शेवटी स्पिरिटने पुसा. तेलाचा अंश राहिला तर नवा वेलक्रो दुसऱ्या दिवशी हातात येईल.

नवा वेलक्रो लावताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. गोल पाइपवर सरळ रेघ मारणं ही फसवी गोष्ट आहे, हात हळूहळू वळत जातो. हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची काटकोनी अँगल पट्टी आणा, घळ पाइपवर टेकवा. ती आपोआप पाइपच्या लांबीला समांतर बसते. तिच्या कडेने पेन्सिल ओढा. काटेरी बाजू पाइपला चिकटवा, मऊ बाजू लीडरला शिवा. उलट केलंत तर काटे गोधडीला धरतील.

शिवणटिपण:

सगळ्यांचे आभार. लगेच कामाला लागले.

मंगलदास मार्केटात तीन दुकानांत "गादीपाट?" म्हणून माझ्याकडेच बघितलं. एकाने "तेच आहे हो" म्हणत पॉलिस्टर मिक्स पुढे केलं, चुरगाळून बघितल्यावर कळलं. शेवटी कुठे मिळालं? भांडुपलाच, मशीनपासून पाच मिनिटांवर, गादी कारखान्यात! ५८ इंची, विणलेले पट्टे. गादीवाल्याला वाटलं मी पलंगाची खोळ शिवतेय. दहा फूट लांब आणि दीड फूट रुंद म्हटल्यावर "कोण झोपतं ह्याच्यावर?" म्हणाला.

धुतलं, आणि या पावसात वाळायला तीन दिवस लागले. कापताना कात्री सरळ चालवली नाही. काठाजवळ एक धागा सुईच्या टोकाने उचलला आणि ओढत गेले. मध्ये दोनदा तुटला, परत शोधला. धागा निघून गेल्यावर कापडात केसाएवढी फट उरते, तिच्यातून कात्री नेली. सव्वा तास गेला एका रेघेला, पण सुतारकाकांनी दोरी लावली आणि नुसती मान हलवली.

आता अडलेय ते इथे. दोन्ही लीडर वेलक्रोवर बसलेत. मधोमध खूण केलीये, पण अस्तराच्या रोलरची मधली खूण आणि टेकअपची मधली खूण समोरासमोर आहेत हे कसं बघू? आणि कडेची दुमड घरच्या मशीनवर घातली, ती जराशी लाटेसारखी झालीये.

उरेबपट्टी:

दोन्हीचं उत्तर तुझ्या लाँगआर्ममध्येच आहे. तुझ्या मशीनला चॅनल लॉक आहे ना? आडवं जाणं लॉक कर, म्हणजे मशीन फक्त पुढे-मागे जाईल. सुई टेकअपच्या खुणेवर आण, सरळ पुढे ओढ. अस्तराच्या खुणेवर आली तर जमलं. नाही आली तर वेलक्रो उचल आणि अस्तराचा लीडर सरकव.

दुमडीसाठी उलटं कर. दोन्ही लीडर एकमेकांना टाच, सुईखाली ताण, पुढे-मागे जाणं लॉक कर आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक शिलाई घाल. लाल दोरा घे. ती रेघ रोलरला समांतरच येणार, कारण ती मशीनच्या रुळाने मारलेली आहे. यापुढे टाचण्या त्या लाल रेघेवर. दुमड मग कशीही दिसो.

शिवणटिपण:

जमलं! खूण अर्धा इंच चुकली होती, सरकवली. लाल रेघ मारली. पट्ट्यांशी ताडून बघितली तर डावीकडे अगदी दोऱ्याएवढा फरक, बाकी एकात एक.

आज त्याच नऊवारी गोधडीचा उसवलेला भाग परत लावला. थोडं शिवलं की हात अस्तराखाली घालून चाचपत होते, दर वेळी सपाट. काढून उलटी केली, चुणी नाही. जुनी शिलाई उसवली तिथली भोकं मात्र लुगड्यावर दिसताहेत, त्यांचं त्या ताईंना सांगावं लागेल.

वरच्या थराचा लीडर कापून ठेवलाय, पण वेलक्रो सात मीटरच आणला होता. तीन रोलर, प्रत्येकी तीन मीटर, हा हिशेब दुकानात उभी असताना सुचला नाही.

साचेवाल्याचा मुलगा:

उरलेला गादीपाट फेकू नका. बाजाराची पिशवी उत्तम होते, आमच्या घरी होती.