रानडुकरांनी शेंग, ऊस नासवला, मारायचं परमिशन मिळतंय का?

ऊसकरी_भुदरगड
मंडळी, गारगोटीच्या वरच्या अंगाला आमचं रान हाय, जंगलाला लागूनच. गेल्या आठवड्यात डुकरांचा कळप भुईमुगाच्या शेंगंत शिरला, सकाळी बघतोय तर नांगर फिरवल्यागत सगळं उकरलेलं, आणि शेजारच्या खोडव्यात (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात) बुडक्याची गोड कांडी तेवढी चावून ऊस आडवा केलाय, वर तोंडसुद्धा लावलं नाही. राखणीला जागलो, डबडी वाजवली, जुनी लुगडी बांधली, आता तर वाटतंय ती डबड्याच्या तालावरच जेवतात. यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातले शेतकरी जीप घेऊन डुकरं नि हरणं मारतात, टेक्सासमध्ये तर हेलिकॉप्टरमधनं. आपल्याकडं काय सोय? सोयाबीनवर भेकरं, म्हंजे ती छोटी हरणं, पण येतात. चुलत्यांच्याकडं पीक संरक्षणाचं बंदुकीचं लायसन हाय.

घनसाळ_आजरा
भावा ते व्हिडिओ बघून काय करू नको. ऑस्ट्रेलियात डुक्कर मूळचं नव्हतंच, 1788 ला गोऱ्यांनी जहाजातनं नेलं, सुटलं नि रानटी झालं, हरणं पण बाहेरनंच नेलेली, म्हणून तिकडं मोकळीक. टेक्सासचा हेलिकॉप्टरवाला कायदा 2011 चा, तिथंबी डुक्कर बाहेरचंच. आपलं रानडुक्कर इथलंच, बिबट्याचं खाद्य हाय ते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात कलम 11 हाय, उभ्या पिकाला धोका असेल तर वनखात्याचा अधिकारी डुकरासाठी लेखी परवानगी देऊ शकतोय. पण बंदुकीचं लायसन म्हणजे शिकारीची परवानगी नव्हं, हे चुलत्यांना आधी सांग. वाघूर म्हंजे जाळं, नाहीतर फासा लावला तरी कायदा शिकारच धरतोय. परवानगीनं मारलेलं डुक्करबी सरकारचं, त्यामुळं तांबड्या-पांढऱ्याचा बेत असेल तर मनातनं काढ 😄 भेकराच्या तर वाटंलाच जाऊ नको.

राधानगरीकर
परवानगी मिळाली तरी मारणार कोण सांगा. रात्री दोन वाजता दहा फूट उसात डुक्कर दिसतंय का, आणि गोळी पलीकडं पाणी पाजणाऱ्याला लागली म्हंजे? आमच्यात निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा, डुकरांना आचारसंहिता नसती. आणि जखमी डुक्कर उलटलं तर सुळ्यानं मांडी फाडतंय. मी झटका मशीन लावलंय, रानाभोवतीच्या तारंत झटका सोडतंय ते, दोन वर्षं झाली. बॅटरीवर चालतंय, सेकंदाला एक ठोका, व्होल्टेज जास्त पण क्षणभरच, त्यामुळं जनावर मरत नाही, पळतंय. खालची तार जमिनीपासनं वीतभरच ठेवा, कारण डुक्कर नाकाडानं ढोसतंय आणि नाकालाच झटका बसतोय, पाठीच्या राठ केसावर कायबी होत नाही. गवत तारंला टेकलं की झटका गेला, पावसाळ्यात आठवड्याला विळा मारावा लागतोय. उन्हाळ्यात जांभ्या दगडाचं रान कोरडं पडतं, अर्थिंगपाशी पाणी ओता. अनुदानाचं वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारा.

ऊसकरी_भुदरगड
वाडीतला एकजण म्हणतोय मोटारीच्या पेटीतनं डायरेक्ट वायर सोड, खर्चच नाही.

राधानगरीकर
अजिबात नको!! ते 230 व्होल्ट, चिकटलेल्या माणसाला सोडतच नाही. पहाटं पाण्याची पाळी आली म्हणून माणूस चिखलातनं जातोय आणि तिथंच खलास, मग सदोष मनुष्यवधाची केस. आमच्या शेजारच्या वाडीत बापानं सोडलेल्या तारंला पोरगं चिकटलं. ह्यावर जास्त लिववत नाही.

घनसाळ_आजरा
आणि रान लगेच सारखं करू नको, लोकं हीच चूक करतात. आधी फोटो काढ, खुरांचे ठसे पण घे, तीन दिवसांच्या आत वनखात्याकडं अर्ज टाक, त्यांच्या 1926 ह्या हेल्पलाइन नंबरवर फोन लाव. पंचनाम्याला वनरक्षक, तलाठी, कृषीवाले येतात, येईपर्यंत चार खेटे घालावे लागतात ते वेगळं. भरपाई पूर्ण निघत नाही, पण बियाणाचं तरी निघतंय.

ऊसकरी_भुदरगड
उकरलेलं कालच सारखं केलं राव. ऊस पडलेला तसाच हाय, त्याचे फोटो काढतो नि उद्या रेंज ऑफिसला जातो. झटका मशीनला पाच एकराला किती तार लागंल?

राधानगरीकर
चौकोनी रान असेल तर एका फेऱ्याला साधारण 570 मीटर, डुकराला तीन फेरे धर. कोपऱ्याचे खांब मजबूत घे, तिथंच ढिली पडती.