अनुभव धागा : विमान हललं तेव्हा आत काय झालं?

टिळकवाडी (धागा काढणारा)

पूर्वी बेळगावहून बंगळूरला जायचं म्हणजे रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस. आता पोराला परीक्षेला सोडायलाही लोक सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या विमानतळावरून, विमान धरतात. त्यामुळं "आमचं विमान असलं हललं म्हणून सांगू" ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत हमखास निघते. पण ती "गणपती बाप्पानं वाचवलं" इथंच संपते. मला त्याच्या अलीकडचं ऐकायचंय. पट्टा लावायच्या खुणेचा दिवा आधी लागला होता का, कुणाला लागलं, क्रूची माणसं एकमेकांशी काय बोलली, कॅप्टननं काय सांगितलं? कंपनीचं नाव घालू नका, मग सगळा धागा तिकडंच वाहत जातो.

माझ्यापासून सुरू करतो. जूनची दुपार, बंगळूरहून परत येताना, पंख्यांचं छोटं विमान. धारवाड मागं पडलं असेल. खूण लागली होती, आम्ही बसलेलो, आणि क्रूमधली एक मुलगी कप गोळा करत मागून पुढं येत होती. विमान एकदम खाली गेलं. ती गुडघ्यावर पडली आणि मनगट खुर्चीच्या हाताला आपटलं. उठून मागं जायच्या भानगडीत ती पडली नाही. शेजारच्या रिकाम्या जागेवर सरकली, एका हातानं पट्टा लावला आणि कचऱ्याची पिशवी पायाखाली दाबून बसली. उतरताना दारात उभी, मनगटाला बर्फ बांधलेला, सगळ्यांना "थँक यू" चालूच.

शहापूर, पूर्वी केबिन क्रू

त्या पोरीनं अगदी बरोबर केलं. प्रशिक्षणात हेच घोकून घेतात. मोठा झटका बसला तर आपल्या ठरलेल्या जागेपर्यंत पोचायचा हट्ट नको. मिळेल ती सीट धर, नाहीतर वाटेतच खाली बस आणि खुर्चीचा पाया पकड. ट्रॉलीचे ब्रेक दाब. गरम पाण्याचा जग हातात नको, खाली ठेव.

आता बोलण्याचं. कॉकपिटचं दार उड्डाणभर बंद असतं, मधे दुवा एकच, इंटरफोन. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये कॅप्टन सांगतो की साधारण कुठं हलेल, सर्व्हिस कधी काढा. इथंच माणसामाणसात फरक पडतो. एक कॅप्टन म्हणतो, "अजून दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात आवरून बसा." दुसरा नुसती खूण लावून मोकळा. खूण प्रवाशांना बसवते, पण आम्ही चहा देत राहायचं की ट्रॉली आत ढकलायची, हे त्या दिव्यावरून कसं कळणार? कॅप्टननं स्वतः स्पीकरवरून क्रूला बसायला सांगितलं की प्रश्नच मिटतो. तोवर प्रवासी कप पुढं करत असतात आणि आम्ही ओतत असतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. शेपटीकडं जेवढं हलतं तेवढं पुढं पायलटला बऱ्याचदा जाणवत नाही. एका रात्री मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, आम्हाला उभं राहता येईना. माझ्याबरोबरची मुलगी अगदी नवी. तिचा घोटा मुरगळून सुजायला लागलेला, तरी फोन उचलेना. "सर चिडतील." मी उचलला. "सर, मागं जोरात आहे, एकीला लागलंय, सर्व्हिस थांबवतोय." पलीकडून लगेच, "इथं एवढं नाही. बसा सगळे, मी घोषणा करतो." रागावणं वगैरे काही नाही. पण नव्या पोरींच्या मनात ही भीती आयती येत नाही, आधी कुणीतरी वरच्यानं झापलेलं असतं. नंतर तिच्या अपघाताच्या अर्जावर पहिला प्रश्न काय, तर "आपण जागेवर का बसला नव्हता?" ट्रॉली कोण आवरणार होतं, हे कुणी विचारलं नाही.

अर्थात फोन वेळेवर केला तरी कधी काळ पुरतच नाही. १८ डिसेंबर २०२२ ला फिनिक्सहून होनोलुलूला जाणाऱ्या हवाईयन एअरलाइन्सच्या विमानापुढं काही सेकंदांत एक ढग सरळ वर उसळला. कॅप्टननं मुख्य क्रूला फोन लावला, आणि त्यानंतर एक ते तीन सेकंदांत झटका. पंचवीस जण जखमी.

निपाणी

आमच्या सासूबाई पहिल्यांदा विमानात बसल्या. घोषणा इंग्रजीत न् हिंदीत, ह्यांना येतंय मराठी न् कन्नड. खूण लागल्यावरच नेमकं बाथरूमला जायचं सुचलं. उठल्या की! मी साडी ओढालेय तरी ऐकंनात. तेवढ्यात मागून क्रूची पोरगी ओरडली, "अज्जी, कुंदर्री!" हुबळीकडची असावी. सासूबाई अशा बसल्या की बेळगाव येईपर्यंत हलल्या नाहीत. माझं कधी एवढं ऐकलेलं नाही.

खानापूर

एवढं काय घेऊन बसलायसा. चोर्ला घाटातल्या खड्ड्यांतून एस.टी.नं जाऊन बघा, विमान गादी वाटंल.

बेळगाव, हाडांचा डॉक्टर

खानापूरकर, खड्ड्यात गाडी आपटते, पण तुम्ही खुर्चीतच राहता. विमानात माणूस खुर्चीतून सुटतो. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाचं उदाहरण घ्या. म्यानमारवर ते झटक्यात सापडलं. तपासाचा प्राथमिक अहवाल वाचण्यासारखा आहे. जी म्हणजे गुरुत्वाच्या ओढीचं माप, एरवी ते एक असतं. इथं अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी, ०.६ सेकंदात. म्हणजे पट्टा नसलेला माणूस छताला. पुढच्या चार सेकंदांत परत अधिक १.५, म्हणजे तोच माणूस खाली. विमान या सगळ्यात उतरलं किती, तर १७८ फूट! बातम्यांत हजारो फुटांचे आकडे फिरत होते, ते बऱ्याच अंशी नंतर वैमानिकांनी शिस्तीत खाली आणलेल्या उंचीचे. ७३ वर्षांचे एक प्रवासी गेले. बँकॉकला उतरवून ज्यांना दवाखान्यात नेलं त्यांत मणक्याचे बरेच, काही डोक्याचे.

माझ्याकडं अशी एक बाई आली होती, बाहेरगावच्या प्रवासातून. पट्टा होता, पण मांडीवर सैल. कमरेवरचा मणका दबलेला. फोटो काढेपर्यंत ती "नुसती उसण भरलीय" म्हणत शेक घेत होती. झटक्यानंतर पाठ धरली, मुंग्या आल्या, तर मालीश नको. आधी एक्स-रे. आणि पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडांवर, घट्ट.

सांबरा, हवाई दलातून निवृत्त

"पायलटला रडारवर दिसलं नाही काय?" हा प्रश्न मला इथं चहाच्या गाड्यावरही विचारतात. विमानातलं हवामान रडार पाण्याचे थेंब पाहतं. कोरडे बर्फकण त्याला फार कमी दिसतात आणि निरभ्र हवेतली खळबळ दिसतच नाही. तिथं पुढं गेलेल्या विमानानं रेडिओवर "इथं हलतंय" म्हटलं तर कळतं. म्हणजे तिथंही शेवटी कुणीतरी बोलावंच लागतं.

आपल्या भागात पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर चढतो, त्याचे हेलकावे बसतात. पण मला विचाराल तर जास्त जपायचं ते वळवाला. एप्रिल-मेमध्ये दुपार कलल्यावर बेळगाव-धारवाडवर जे ढग उभे राहतात, ते एटीआरला, म्हणजे पंख्यांच्या छोट्या विमानाला, ओलांडता येत नाहीत. त्याची कमाल उंची २५ हजार फूट, ढग त्याच्या कितीतरी वर. वळसा घालणं एवढंच हातात. ज्यांना जमेल त्यांनी त्या महिन्यांत सकाळचं विमान घ्यावं.

आणि वळसा घालायलाही परवानगी लागते. बरोबर वर्षानं, २१ मे २०२५ ला, दिल्ली-श्रीनगर इंडिगो गारपिटीत सापडलं. वैमानिकांनी डावीकडं सरकायची परवानगी मागितली, मिळाली नाही. लाहोरच्या हवाई नियंत्रणाला विचारलं, तिथूनही नकार. मग सरळ ढगातून. एका क्षणी खाली येण्याचा वेग मिनिटाला ८,५०० फूट होता. विमानाचं नाक फुटलं, पण दोनशेच्या वर माणसांतलं कुणी जखमी नाही. पट्ट्याचा याहून मोठा पुरावा मला नको.

खानापूर

बरं बाबा, हरलो. पट्टा लावतो.

चिकोडी, सध्या आखातात

पुढच्या महिन्यात गावी यायचंय, बाळ वर्षाच्या आतलं. मांडीवरच घेणार. बायको म्हणते दोघांना मिळून एकच पट्टा आवळू या. चालतंय काय?

शहापूर, पूर्वी केबिन क्रू

अजिबात नको. झटक्याला तुमचं सगळं वजन बाळावर येईल. क्रूकडून बाळाचा वेगळा पट्टा मागून घ्या. तो तुमच्या पट्ट्यात अडकवायचा असतो. त्यांनी आपणहून दिला नाही तर मागा, लाजू नका. पुढच्या भिंतीवरचा पाळणा मिळाला आणि खूण लागली, तर झोपलेलं असलं तरी उचला. रडंल, रडू दे. मात्र झोपताना तुम्ही पांघरूण घेतलंत तर पट्टा पांघरुणाच्या वर लावा, नाहीतर क्रू रात्री तपासायला उठवत बसणार.

पैसे परवडत असतील तर बाळाचं वेगळं तिकीट काढून गाडीतली सीट न्या, ते सगळ्यात चांगलं. पण आधी कंपनीला लिहून विचारा. विमानात चालते अशी खूण सीटवर छापलेली लागते, आणि तिची रुंदी खुर्चीत बसते का तेही बघा.